रेणूंची फुगडी

थंडीच्या दिवसांत पुष्कळ घरी रात्री कोळशाची शेगडी पेटवतात. दार लावून घेतात. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबतात. खोली छान उबदार होते आणि माणसे झोपी जातात. कधी कधी ती सकाळी उठतच नाहीत. अंगावर जखम नसते. विंचू चावलेला नसतो, साप डसलेला नसतो. मग लोक म्हणतात, काहीतरी बाहेरचं झालं.

बाहेरचे काही नसते. जे होते ते शेगडीतूनच होते. कोळशाला जळताना भरपूर हवा मिळाली, तर त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड नावाचा वायू निघतो. हवा अपुरी पडली, की दुसरा एक वायू निघू लागतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. हा विषारी आहे. श्वासावाटे तो रक्तात जातो. रक्तातला जो लाल पदार्थ एरवी प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणूस झोपेतच जातो. आपण गुदमरतो आहोत हे त्याला कळतसुद्धा नाही. म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकले. पुढचे सगळे वाचायचे राहिले तरी चालेल, पण एवढे राहता कामा नये.

जुन्या विहिरीत उतरण्याआधी लोक दोरीने कंदील खाली सोडून पाहतात. कंदील विझला, तर खालची हवा वाईट. पण कार्बन मोनॉक्साइडपुढे ही युक्ती चालत नाही. माणूस मरावा इतका तो हवेत असला, तरी कंदील आपला जळतच राहतो. (आणि गटाराच्या टाकीत तर कंदील सोडूच नये. तिथे पेट घेणारा वायू असतो.)

मग हा वायू ओळखायचा कसा? त्याला रंग नाही, वास नाही. पण खूण आहे. सही शिकण्याआधी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. एकाचा अंगठा दुसऱ्याच्या अंगठ्याशी जुळत नाही. वायूंचेही तसेच आहे, बरं का. बहुतेक वायू उजेडावर आपापला अंगठा उठवतात. हा अंगठा कसा उठतो ते समजायचे, तर वायूच्या अगदी बारीक कणापर्यंत जावे लागेल.

त्या बारीक कणाला रेणू म्हणतात. रेणू हा अणूंचा बनलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत दोनच अणू असतात. एक कार्बनचा आणि एक प्राणवायूचा. दोघांनी एकमेकांना धरून ठेवलेले असते. त्यांच्यामधले अंतर किती, तर अशी ८८ लाख अंतरे एकापुढे एक ठेवावीत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरावा.

हे दोन अणू स्वस्थ बसत नाहीत. ते एकाच वेळी दोन गोष्टी करतात.

नागपंचमीला मुली फुगडी खेळतात, ती डोळ्यांपुढे आणा. दोघी मुली हात धरून गरगर फिरतात. रेणूतले दोन अणूही असेच फिरतात. ही झाली गिरकी. आता असे समजा, की फिरता फिरता त्या मुली कोपरातून हात आखडतात आणि पुन्हा लांब करतात. जवळ येतात, दूर जातात. पुन्हा जवळ, पुन्हा दूर. ही झाली थरथर. रेणूत गिरकी आणि थरथर दोन्ही चालू असतात. मुली दमतात, रेणू दमत नाही. त्याला अडवायला जमीन नाही की वारा नाही.

वेग मात्र विचारू नका! कार्बन मोनॉक्साइडचा रेणू एका सेकंदात सुमारे ६४ लाख कोटी वेळा थरथरतो. गिरकी त्या मानाने सावकाश. आपल्या घरातल्या हवेच्या उबेला तो सेकंदात साधारण ८० ते ९० हजार कोटी गिरक्या घेतो. काही रेणू याहून हळू फिरतात, काही जोरात. म्हणजे एक गिरकी पुरी होईपर्यंत त्याची सत्तर-ऐंशी वेळा थरथर होऊन जाते.

आता खरी गंमत इथे आहे. गिरकी वेगळी आणि थरथर वेगळी, असे पाटीवर मांडता येते. रेणूत तसे नसते. एक बदलली की दुसरीही बदलते.

फुगडी जोरात चालली, की मुलींचे हात ताणले जातात. गोफणीतला धोंडा जसा बाहेर ओढ घेतो, तशीच ती ओढ. रेणूही जोरात फिरू लागला, की त्याचे दोन अणू एकमेकांपासून थोडे दूर सरकतात. मग मधली पकड जराशी ढिली होते आणि थरथरसुद्धा पूर्वीसारखी राहत नाही. म्हणजे गिरकीने थरथर बदलली.

उलटही होते. फुगडी खेळताना मुलींनी अंग जवळ घेतले तर गिरकी वाढते. हात लांब केले तर ती मंदावते. हे कुणालाही करून पाहता येईल. रेणू जास्त थरथरू लागला म्हणजे काय होते? तुम्ही म्हणाल, तो जितका आखडेल तितकाच लांबेल, मग फरक कसला? पण तसे नाही. दोन अणूंना एकमेकांत घुसता येत नाही. जवळ येताना ते फार अडतात. दूर जाताना तितके अडत नाहीत. म्हणून जास्त थरथरणारा रेणू सरासरीने थोडा लांबच राहतो. लांब राहिला, की गिरकी मंद झाली. कार्बन मोनॉक्साइडची थरथर एका मापाने वाढवली, तर त्याची गिरकी शंभराला एक भागाहूनही थोडी कमी मंदावते. फरक अगदी लहान आहे. पण याच लहान फरकाने रेणूचा अंगठा त्याचा स्वतःचा होतो.

तो कसा, ते पाहू. चुलीसमोर बसलात, की गालाला ऊब लागते. चुलीचा उजेड दिसतो, पण ही ऊब आणणारे किरण बरेचसे डोळ्यांना न दिसणारे असतात. असे किरण या वायूतून आरपार सोडले, तर त्यांतले काही किरण वायू खाऊन टाकतो. कोणते? ज्यांच्या लाटेचा ठेका रेणूच्या ठेक्याशी जुळतो तेवढेच. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यावर हात लावला, तरच तो चढतो. भलत्याच वेळी ढकलले तर काही होत नाही. इथेही तसेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. भोवरा हवा तितका हळू किंवा जोरात फिरवता येतो. रेणूचे तसे नाही. त्याच्या वेगाला विहिरीसारख्या पायऱ्या असतात. या पायरीवर उभे राहा नाही तर त्या पायरीवर. मध्ये उभे राहता येत नाही. गिरकीला पायऱ्या आहेत, थरथरीलाही आहेत. गिरकीच्या पायऱ्या लहान, थरथरीच्या मोठ्या. कार्बन मोनॉक्साइड जेव्हा असा किरण खातो, तेव्हा तो थरथरीची एक मोठी पायरी चढतो. पण नुसती ती चढून भागत नाही. त्याबरोबर गिरकीची एक लहान पायरी त्याला वर तरी जावे लागते, नाही तर खाली तरी यावे लागते. हा निसर्गाचा कायदाच आहे.

म्हणून खाल्लेल्या किरणांच्या जागी काळ्या रेघा दिसतात, त्यांच्या दोन ओळी होतात. एक गिरकी वाढलेल्यांची, दुसरी गिरकी कमी झालेल्यांची. मध्ये एक रिकामी जागा. फणीचे दात पाहावेत तशा या रेघा दिसतात. गिरकी आणि थरथर यांचा एकमेकींशी संबंध नसता, तर सगळ्या दातांमधले अंतर सारखेच आले असते. तसे येत नाही. एका बाजूचे दात पुढे पुढे दाट होत जातात, दुसऱ्या बाजूचे विरळ होत जातात. कारण थरथर वाढलेल्या रेणूची गिरकी मंद असते, त्याच्या गिरकीच्या पायऱ्या बुटक्या असतात. चढतानाचा आणि उतरतानाचा हिशेब त्यामुळे जुळत नाही. हे दाट-विरळपण मोजून शास्त्रज्ञ रेणूतल्या दोन अणूंमधले अंतर काढतात. न पाहिलेल्या वस्तूची लांबी नुसत्या रेघांवरून! आणि दुसऱ्या कोणत्याही वायूची फणी नेमकी अशी नसते.

पण फणी पाहणे वेगळे आणि रेणू हलताना पाहणे वेगळे. इतक्या घाईत चाललेली फुगडी पाहायची तर उजेडही तसाच हवा. क्षणभर लागून लगेच विझणारा. रात्री वीज चमकते तेव्हा धावती बैलगाडी जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते, ते आठवा. वीज लांबली तर चाक पुसट दिसेल. रेणूसाठी विजेहून किती तरी आखूड चमक लागते. ती लेसरने मिळते.

लेसर म्हणजे एका रंगाचा, एका ठेक्याचा, सरळ रेघेत जाणारा उजेड. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची चमक आखूड आखूड करत नेली. एका सेकंदाचे एक कोटी भाग करा. त्यांतल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. आज काही फेमटोसेकंदांच्या चमका सहज काढतात. उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. तोच उजेड ३०० फेमटोसेकंदांत फक्त एका केसाच्या जाडीएवढा पुढे सरकतो.

या चमकांनी रेणूची चाल पाहणारे मोठे शास्त्रज्ञ म्हणजे अहमद झेवैल. १९४६ साली इजिप्तमधल्या दमनहूर गावी त्यांचा जन्म झाला. पुढे ते अमेरिकेत पॅसाडेना येथील कॅल्टेक या संस्थेत काम करू लागले. या कामासाठी त्यांना १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१६ साली ते वारले.

झेवैल आणि त्यांच्या सोबत्यांनी आयोडीनचा रेणू घेतला. जखमेवर लावतात त्या टिंक्चरमधले आयोडीन. याच्या रेणूत दोन सारखे अणू असतात, दोघेही जड. त्यावर त्यांनी एकामागून एक दोन चमका सोडल्या. पहिली चमक रेणूला धक्का देते. तिने मधली पकड ढिली होते आणि रेणू थरथरू लागतो. दुसरी चमक येऊन पाहते, आता काय चालले आहे? रेणू ताणलेला आहे की आखडलेला, त्याप्रमाणे त्यातून बाहेर पडणारा उजेड कमी-जास्त होतो. मग दुसरी चमक थोडी उशिरा सोडायची. पुन्हा थोडी उशिरा. असे करत करत सगळी चाल उमगते.

इतका बारीक उशीर कोणत्या घड्याळाने मोजायचा? घड्याळ नाहीच. आरसा! दुसऱ्या चमकेला आरशापर्यंत जाऊन परत यायला लावतात. आरसा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मागे घेतला, की जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट वाट वाढते. तेवढ्याने चमक सहा-सात फेमटोसेकंद उशिरा पोचते. मला विचाराल तर या सगळ्या कामात सर्वांत शहाणी युक्ती हीच. वेळ मोजायची होती, ती वाट मोजून काढली.

दिसले काय? पहिल्या चमकेनंतर आयोडीनची एक थरथर सुमारे ३०० फेमटोसेकंदांत पुरी होत होती. आता गिरकी. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक वरखाली हलवले, तर उभी लाट जाते. डावीकडे-उजवीकडे हलवले, तर आडवी. लेसरच्या उजेडाचेही असेच उभे-आडवे असते. उभी चमक आली, तर उभ्या रेणूंना ती लागते, आडव्यांना लागत नाही. म्हणून पहिल्या चमकेने मुख्यतः उभेच रेणू निवडले जातात. ते फिरत फिरत आडवे होऊ लागतात. दुसरी चमक एकदा उभी आणि एकदा आडवी पाठवून पाहिली, की किती रेणू वळले ते कळते. थरथर आणि गिरकी या दोन्ही चाली अशा रीतीने पाहिल्याचे या मंडळींनी १९९० साली प्रसिद्ध केले.

आयोडीनमध्ये या दोहोंचे नाते फार ठळक आहे. चमक लागण्याआधी त्याच्या दोन अणूंत जितके अंतर असते, त्याहून ते चमकेनंतर शंभराला तेरा भागांनी वाढते. त्यामुळे गिरकी पाचव्या हिश्शाहूनही अधिक मंदावते. कार्बन मोनॉक्साइडमध्ये शंभराला एक भागही नव्हता, आणि इथे बघा!

उलट बाजूचा प्रयोग कॅनडात ओटावा येथे झाला, २००० साली. गिरकी वाढवत वाढवत नेली तर रेणूचे काय होते, हे तिथल्या शास्त्रज्ञांना पाहायचे होते. त्यांनी क्लोरीन घेतला. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतात, तिला जो उग्र वास येतो, तो याच जातीचा. त्यांनी अशी लेसरची चमक बनवली, की जिच्या लाटेची दिशा स्वतःच गोल फिरते. आधी हळू, मग वेगाने, मग आणखी वेगाने. जात्याचा खुंटा हातात धरून जाते फिरवावे, तसा हा उजेड रेणूला धरून फिरवतो. रेणू मागे मागे येतो. हा सगळा खेळ एका सेकंदाच्या दोन हजार कोटीव्या भागात आटोपतो. तेवढ्यात गिरकी सेकंदाला सहा लाख कोटींपर्यंत चढते. हात ताणले जातात, आणखी ताणले जातात, आणि शेवटी सुटतात. क्लोरीनचे दोन अणू दोन दिशांना फेकले जातात. विस्तव लावला नाही, दुसरे औषध घातले नाही. नुसत्या गिरकीने रेणू तोडला.

आता पुन्हा वायू ओळखण्याकडे येऊ. इथे आपल्या मुलखात जन्मलेल्या एका माणसाचे नाव घ्यावे लागते. कुमार पटेल. १९३८ साली बारामतीला जन्म, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण, १९५८ साली पदवी. मग ते अमेरिकेला गेले. तिथे बेल प्रयोगशाळेत असताना १९६४ साली त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइडचा लेसर तयार केला. म्हणजे आपण श्वासातून सोडतो त्याच वायूचा. यात गिरकी आणि थरथर यांनाच कामाला जुंपले आहे. नळीत नायट्रोजनही घालतात. विजेने नायट्रोजनचे रेणू थरथरतात. ते कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूंवर आदळले, की आपली थरथर त्यांना देऊन टाकतात. दोघांच्या थरथरीचे माप जवळजवळ सारखे, म्हणून हे देणे-घेणे सुरळीत होते. मग कार्बन डाय-ऑक्साइड थरथरीची एक पायरी उतरतो आणि न दिसणारा किरण सोडतो. गिरकीच्या निरनिराळ्या पायऱ्यांप्रमाणे किरणाची रेघ थोडी थोडी बदलते. हवी ती रेघ निवडता येते. या लेसरने आज पोलादाचे पत्रे कापतात, आणि डॉक्टर शस्त्रक्रियाही करतात.

पटेल आणि त्यांचे सोबती क्रॉयझर यांनी १९७१ साली लेसरने हवेतला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू मोजून दाखवला. मोटारीच्या धुरात हा वायू असतो. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे, आणि ती खरोखरच ऐकण्याची रीत आहे. लेसरचा किरण सारखा उघड-झाप करत नळीतल्या हवेत सोडायचा. हवेत तो वायू असला तर रेणू किरण खातात, थरथरतात, शेजाऱ्यांवर आदळतात आणि हवा तापते. किरण थांबला की ती निवते. तापली की फुगते, निवली की आक्रसते. त्यातून बारीक आवाज होतो आणि तो नळीतल्या मायक्रोफोनला ऐकू येतो. वायू जास्त, तर आवाज मोठा.

लेसर कार्बन मोनॉक्साइडच्या फणीतल्या एका दातावर नेमका बसवला, तर तो दुसऱ्या वायूंच्या गर्दीतूनही एवढ्यालाच हुडकून काढतो. भट्ट्यांच्या कारखान्यांत धुरातून असे लेसर आरपार सोडून हा वायू मोजतात. घरात भिंतीवर लावायची छोटी यंत्रेही मिळतात. विष वाढले की ती जोरात वाजू लागतात. ती मात्र बहुधा या रीतीने चालत नाहीत. त्यांच्यात विजेच्या घटासारखा एक छोटा घट असतो. वायू आत शिरला की त्यातून थोडी वीज वाहते, आणि तेवढ्यावर भोंगा वाजतो.